एकच भाषा, चार संगणक: लिबयूव्ही वापरून आपली प्रोग्रामिंग भाषा पोर्टेबल कशी करायची

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकले की अडत दुकानांत पट्ट्या करायचं काम सुरू होतं. पोती, वजन, दर, हमाली, तोलाई, इतर कपात आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. समजा, विश्रामबागेत इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मुलीने अशा हिशोबांसाठी मराठी शब्दांची छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार केली. या लेखापुरतं तिला ‘हळकुंड’ म्हणू. इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे आणि तिच्या उबुंटूच्या लॅपटॉपवर छान चालतो. पण दुकानातल्या दिवाणजींकडे विंडोज आहे, मैत्रिणीकडे मॅक आहे आणि काट्याशेजारी स्वस्तात बसवायला रास्पबेरी पाय आणलाय. या चारही ठिकाणी एकाच पट्टीची रक्कम पैशापर्यंत सारखीच आली पाहिजे.

यासाठी क्रॉस-प्लॅटफॉर्म रनटाइम लायब्ररी वापरतात. लिबयूव्ही ही त्यातलीच एक. फाइल, नेटवर्क, वेळ, प्रोसेस, थ्रेड या सगळ्यासाठी प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची पद्धत वेगळी असते. लायब्ररी त्यावर एकच मुखवटा चढवते आणि आपण फक्त त्या मुखवट्याशी बोलतो. प्रोग्राम चारही ठिकाणी चालायला लागतो तो तिच्यामुळे. चारही ठिकाणी उत्तर एकच येईल की नाही, हे मात्र भाषा बनवणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि या लेखातला निम्म्याहून जास्त भाग त्याबद्दल आहे. वाचकाला सी येतं आणि स्वतःचा छोटा इंटरप्रिटर त्याने लिहिलाय, असं धरून पुढे जातो.

पायरी १: सिस्टिमला हात कुठे लागतो ते शोधा

लायब्ररी डाउनलोड करायच्या आधी कोड वाचायला बसा. इंटरप्रिटरचा मोठा भाग शुद्ध सी असतो: लेक्सर, पार्सर, बाइटकोड तयार करणारा भाग, व्हर्च्युअल मशीन, गार्बेज कलेक्टर. यांना खाली विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी देणंघेणं नसतं, निदान नसावं. सगळ्या फाइलींतल्या हेडरच्या ओळी एकत्र काढा. ‘युनिस्टडी’ किंवा ‘सिस’ने सुरू होणारी हेडर जिथे दिसतील त्या जागांवर खूण करा. पर्यावरणातली व्हेरिएबल वाचणं, चालू फोल्डर विचारणं, घड्याळ बघणं, टर्मिनलवर रंग दाखवणं, डायनॅमिक लायब्ररी उघडणं या बारीकसारीक गोष्टी इथेच सापडतात.

ही यादी बहुतेक वेळा वाटते त्यापेक्षा लहान निघते. हळकुंडसारख्या भाषेला पंचवीस-तीस क्रिया पुरतात. यादी शंभरावर गेली तर सिस्टिमचे कॉल कोडमध्ये जागोजागी विखुरलेत असं समजा. ते आधी गोळा करा.

पायरी २: लायब्ररी निवडा

अपाची पोर्टेबल रनटाइम, म्हणजे एपीआर, अपाची वेब सर्व्हरच्या कामातून आली. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सबव्हर्जनही तिच्यावरच उभं आहे. ती भक्कम आहे, पण तिची मेमरी पूलवर चालते: एका कामासाठी घेतलेली सगळी मेमरी पूल मोडला की एकदम परत जाते. वेब सर्व्हरला हे सोयीचं आहे, कारण तिथे विनंती आली आणि संपली की काम झालं. आपल्या भाषेत एखादी फाइल ऑब्जेक्ट किती काळ जगेल हे गार्बेज कलेक्टर ठरवतो. त्यामुळे पूल आणि कलेक्टर असे दोन मालक एकाच मेमरीवर हक्क सांगतात, आणि तो तंटा तुम्हाला मिटवत बसावा लागतो.

जीलिब ही जीटीके या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीच्या कुटुंबातली. यूटीएफ-८ची कामं तिच्यात उत्तम आहेत, पण तिचा पसारा मोठा आहे. शिवाय परवाना एलजीपीएल असल्याने एकाच फाइलीत सगळं बांधून द्यायचं असेल तर त्याच्या अटी नीट वाचाव्या लागतात. नेटस्केपच्या काळापासून चालत आलेली एनएसपीआर मोझिलाच्या प्रकल्पांत वापरली जाते, पण नव्या छोट्या भाषेसाठी मी तिच्याकडे वळणार नाही.

माझी निवड लिबयूव्ही. २०११ च्या सुमारास नोड.जेएस विंडोजवर नीट चालावं म्हणून ती लिहायला घेतली गेली. त्याआधी नोड युनिक्स जातीच्या सिस्टिमवर लिबईव्ही वापरत होतं. लिबयूव्हीच्या खाली त्या त्या सिस्टिमची वाचन-लेखनावर नजर ठेवणारी यंत्रणा काम करते: लिनक्सवर ईपोल, मॅकओएस आणि बीएसडीवर केक्यू आणि विंडोजवर आयओसीपी. ज्युलिया ही प्रोग्रामिंग भाषा आणि निओव्हिम हा एडिटर तिच्यावर चालतात, म्हणजे आपल्या कामासाठी ती पारखलेली आहे. परवाना एमआयटी आहे, त्यामुळे स्टॅटिक लिंक करून वाटायला अडचण नाही.

निवड पक्की करायच्या आधी लायब्ररीच्या सोर्समधली, ती कुठल्या सिस्टिमवर चालते ते सांगणारी फाइल वाचा. लिबयूव्हीच्या नव्या आवृत्त्या विंडोज १० आणि त्यापुढच्यांसाठी आहेत. दुकानात अजून विंडोज ७ चालू असेल तर हे पहिल्याच दिवशी कळलेलं बरं.

पायरी ३: आवृत्ती गोठवा, मग बांधा

लिबयूव्हीची एक ठराविक आवृत्ती आपल्या प्रकल्पातच ठेवा आणि सीमेक हे बांधणीचं साधन वापरून तिच्यासकट सगळं बांधा. ‘प्रत्येकाने आपापल्या सिस्टिमवरची लायब्ररी वापरावी’ असं सांगितलं की उबुंटूवर एक आवृत्ती, मॅकवर दुसरी आणि विंडोजवर काहीच नाही, अशी गत होते. लायब्ररी बदलायची तेव्हा मुद्दाम बदला, आणि त्या बदलाचा कमिट वेगळा ठेवा.

पायरी ४: मधली पातळ भिंत

इंटरप्रिटरच्या कोडमधून लिबयूव्हीला थेट हाक मारू नका. मध्ये आपली एक फाइल ठेवा, ‘मंच.सी’ म्हणू. लिबयूव्हीचं हेडर या एकाच फाइलीत यावं. बाकी सगळा कोड ‘मंच_फाइल_वाच’, ‘मंच_वेळ’, ‘मंच_ओळ_लिही’ अशी आपली नावं वापरेल.

नुसता एक जास्तीचा थर म्हणून कोणी हे टाळतं. पण उद्या हीच भाषा ब्राउझरमध्ये वेबअसेंब्लीवर चालवायची झाली तर तिथे लिबयूव्ही चालणार नाही, आणि तेव्हा ही एकच फाइल नव्याने लिहावी लागेल. दुसरा फायदा लगेचचा आहे. भाषेला सिस्टिमकडून नेमकं काय हवं आहे, ते या फाइलीच्या हेडरमध्ये एका पानावर दिसतं.

या भिंतीतून जाणाऱ्या प्रत्येक संख्येचा आकार ठरलेला असावा. सी मधला ‘लाँग’ ६४-बिट लिनक्स आणि मॅकवर ८ बाइटचा असतो, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. फाइलीची लांबी किंवा पैशांत मोजलेली रक्कम ‘लाँग’मध्ये ठेवली तर विंडोजवर २१४,७४,८३,६४७ च्या पुढे ती कोसळते. पैशांत धरलं तर ही रक्कम सव्वादोन कोटी रुपयांच्या आत आहे, आणि एखाद्या दुकानाची हंगामातली उलाढाल तिथवर सहज जाते. म्हणून ६४ बिट लांबीचा पूर्णांक प्रकार स्पष्ट लिहा. ‘लाँग’ हा शब्द प्रकल्पात शोधून काढून टाका.

बाइटकोड फाइलीत साठवत असाल तर स्ट्रक्चर जसंच्या तसं डिस्कवर उतरवू नका. कंपायलर मध्ये रिकामे बाइट सोडतो आणि बाइटांचा क्रमही यंत्रागणिक बदलू शकतो. एकेक बाइट ठरलेल्या क्रमाने लिहा आणि त्याच क्रमाने वाचा.

पायरी ५: मजकूर, आणि एका गावाचं नाव

मराठी भाषेत प्रोग्राम लिहायचा तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी सोपं. लिबयूव्ही विंडोजवर फाइल नेहमी बायनरी पद्धतीने उघडते. सी च्या नेहमीच्या टेक्स्ट मोडमध्ये विंडोज ओळीच्या शेवटच्या दोन खुणांची एक करतं आणि २६ किमतीचा बाइट दिसला की फाइल संपली असं मानतं. बायनरीत तसलं काही होत नाही, जे डिस्कवर आहे तेच हातात येतं. मग ओळ संपल्याची १३ आणि १० ही जोडी आणि एकटा १०, दोन्ही ओळखायचं काम लेक्सरचं. फाइलीच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट दिसले तर ते गाळा. जुन्या नोटपॅडमध्ये यूटीएफ-८ निवडून फाइल साठवली की ही खूण लागायची. विंडोज १०च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड खुणेशिवायचं यूटीएफ-८ आपणहून वापरतं, पण जुन्या फाइली दुकानांत अजून फिरत असतात.

आता एक बारीक पण जीवघेणी गोष्ट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा यूटीएफ-८मधला पहिला बाइट २२४ असतो. इंटेलच्या यंत्रांवर ‘कॅर’ हा प्रकार अधिक-उणे चिन्हासकट धरला जातो, त्यामुळे हाच बाइट उणे ३२ होतो. एआरएमवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे रास्पबेरी पायवर, तो २२४च राहतो. लेक्सरमध्ये २५६ खान्यांचा तक्ता असेल आणि त्याला हा बाइट थेट क्रमांक म्हणून दिला, तर पायवर सगळं सुरळीत चालेल आणि दुकानातला संगणक तक्त्याच्या बाहेरची मेमरी वाचेल. सी मधलं ‘अंक आहे का’, ‘अक्षर आहे का’ असं विचारणाऱ्या फंक्शनांचंही तसंच. मजकूर पहिल्यापासून ‘अनसाइन्ड कॅर’मध्ये धरा आणि ती फंक्शनं वापरू नका. आपल्या अंकांसाठी ० ते ९ आणि इंग्रजी अंक, दोन्ही ओळखणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा.

आता गावाचं नाव. पट्टीची फाइल कऱ्हाडच्या शेतकऱ्यासाठी आहे आणि तिचं नाव ‘कऱ्हाड’ आहे असं धरा. हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठवलेला असू शकतो.

पहिला प्रकार: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा चिन्हं, १८ बाइट.

दुसरा: ऱ हे एकच चिन्ह न राहता साधा र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हं होतात. एकूण सात चिन्हं, २१ बाइट. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावं अशी सुटी करूनच ठेवायची.

तिसरा: र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, आणि पुढे ह. हीही सात चिन्हं, २१ बाइट. काही कीबोर्ड असंच टाइप करतात.

पडद्यावर तिन्ही अगदी सारखे दिसतात. बाइट मात्र जुळत नाहीत. दिवाणजींनी ‘कऱ्हाड’ टाइप केलं आणि डिस्कवर दुसऱ्या प्रकारचं नाव असेल, तर समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’ असा निरोप येतो.

लिबयूव्ही यात काहीच करत नाही आणि करूही नये. तिने दिलेले बाइट पोहोचवायचे, एवढंच. नियम आपण करायचे. मी हे तीन सुचवतो. एक, प्रोग्राममधली व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं लेक्सरमध्येच युनिकोडच्या एनएफसी रूपात आणा, म्हणजे र आणि नुक्ता अशा सुट्या चिन्हांचं एक चिन्ह करणाऱ्या ठरलेल्या रूपात. पहिल्या दोन प्रकारांतला फरक त्याने मिटतो, पण तिसऱ्याचा मिटत नाही, कारण जोडक हे युनिकोडच्या दृष्टीने वेगळं चिन्ह आहे. म्हणून र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की तिचं ऱ आणि हलन्त करा. दोन, फाइल उघडताना नावाला हात लावू नका. वापरणाऱ्याने दिलं तसंच पुढे द्या. उघडली नाही, तरच फोल्डरमधली नावं वाचून प्रत्येकाचं एनएफसी रूप आपल्या नावाच्या रूपाशी ताडून बघा, आणि नेमकं एकच जुळलं तर ते उघडा. तीन, उद्धरण चिन्हांतला मजकूर वापरणाऱ्याचा आहे, तो कधीही आपल्या मनाने बदलू नका.

एनएफसीसाठी यूटीएफ८प्रॉक ही छोटी सी लायब्ररी पुरते. ज्युलियाही तीच वापरते. पायथॉनमध्येही नावं एनएफकेसी या तशाच जातीच्या रूपात आणली जातात, तेव्हा हा विचार काही नवखा नाही.

फोल्डरमधल्या नावांचा क्रम सिस्टिमवर सोडू नका. यादी हातात आली की बाइटांच्या क्रमाने लावूनच भाषेला द्या. नाहीतर ‘पहिली फाइल’ प्रत्येक यंत्रावर वेगळी निघते.

पायरी ६: विंडोजवरचा दरवाजा आणि पडदा

विंडोजवर ‘मेन’ फंक्शनला मिळणारे आर्ग्युमेंट जुन्या कोडपेजमधून येतात. त्यात देवनागरी बसत नाही, त्या जागी प्रश्नचिन्हं येतात. लिबयूव्हीचं ‘यूव्ही_सेटअप_आर्ग्ज’ इथे कामी येत नाही, विंडोजवर ते आर्ग्युमेंट आहेत तशीच परत देतं. त्यामुळे विंडोजसाठी रुंद अक्षरांचं ‘डब्ल्यूमेन’ लिहा, आलेलं यूटीएफ-१६ लगेच यूटीएफ-८ करा आणि पुढे सगळीकडे यूटीएफ-८च फिरवा. १९०३ नंतरच्या विंडोज १०वर प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्ये ‘माझं कोडपेज यूटीएफ-८ आहे’ असं लिहायचीही सोय आहे. पण दुकानातली यंत्रं किती जुनी असतील ते आपल्या हातात नसतं, म्हणून पहिला मार्ग धरा.

लिहिताना आधी समोर काय आहे ते ‘यूव्ही_गेस_हँडल’ला विचारा. टर्मिनल असेल तर लिबयूव्हीचं टीटीवाय हँडल विंडोजवर यूटीएफ-८चं रूपांतर करून देतं. फाइल किंवा पाइप असेल तर बाइट जसेच्या तसे जातात. हे दोन्ही मार्ग वेगवेगळे तपासा. विंडोजच्या जुन्या कन्सोलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसू शकतात. तो अक्षरं मांडणाऱ्या खिडकीचा दोष असतो. फाइलीत वळवलेला मजकूर बरोबर असेल तर तुमचं काम बरोबर आहे.

पायरी ७: चुकांना नावं द्या

लिबयूव्ही चूक झाली की उणे संख्या परत देते. फाइल नसल्याची चूक लिनक्सवर उणे २, आणि विंडोजवर उणे ४०५८. भाषेतल्या प्रोग्रामला ही संख्या दिलीत तर कोणीतरी ती तपासणारी अट लिहील, आणि तो प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर गप्पपणे चुकेल. म्हणून मंच.सी मध्येच संख्येचं नाव करा: ‘फाइल_नाही’, ‘परवानगी_नाही’, ‘आधीच_आहे’, ‘जोडणी_तुटली’. दहाबारा नावं पुरतात. उरलेल्यांसाठी ‘इतर’, आणि सोबत लायब्ररीने दिलेला संदेश.

विंडोजवर एक नाव जास्त लागेल: ‘वापरात_आहे’. एक्सेलमध्ये उघडी असलेली पट्टी आपल्या प्रोग्रामला बदलता येत नाही. लिनक्सवर हा अनुभव क्वचित येतो. संदेशात ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे, ती बंद करून पुन्हा चालवा’ असं स्वच्छ मराठीत लिहा. दिवाणजींना त्यातून पुढे काय करायचं ते कळतं.

पायरी ८: इव्हेंट लूप आणि गार्बेज कलेक्टर

पहिल्या आवृत्तीत लूपच्या वाटेला जाऊ नका. लिबयूव्हीच्या फाइलींच्या फंक्शनला कॉलबॅक न देता हाक मारली की ते काम संपेपर्यंत थांबतं आणि उत्तर घेऊनच परततं. पट्ट्या करायला एवढं पुरेसं आहे. प्रत्येक विनंतीनंतर ‘यूव्ही_एफएस_रिक_क्लीनअप’ करायला विसरू नका, नाहीतर मेमरी हळूहळू गळत राहते.

काट्याकडून वजन घेणं, नेटवर्कवरून दर आणणं असली कामं आली की लूप लागतो. तो एकाच जागी चालवा, व्हर्च्युअल मशीनच्या सर्वात बाहेरच्या थरात. भाषेतल्या प्रोग्रामने ‘थांब’ म्हटलं की त्याचा स्टॅक बाजूला ठेवा, लूपला एक फेरी मारू द्या, आणि कॉलबॅक आला की तो स्टॅक पुढे चालू करा. कॉलबॅकच्या आतून पुन्हा लूप चालवू नका, लिबयूव्हीला ते चालत नाही.

मेमरीचं मात्र फार जपून करा. टायमर किंवा सॉकेटचं हँडल लूपला दिलं की त्याचा पत्ता लिबयूव्हीच्या याद्यांमध्ये जातो. भाषेच्या दृष्टीने ते ऑब्जेक्ट निरुपयोगी झालं म्हणून कलेक्टरने ते मोकळं केलं, तर लूप मोकळ्या मेमरीत लिहीत बसतो. असा बिघाड एका यंत्रावर आठवडाभर दिसत नाही आणि दुसऱ्यावर पहिल्या मिनिटाला प्रोग्राम पडतो. याचा क्रम असा ठेवा:

हँडल कलेक्टरच्या ढिगात ठेवू नका, ‘मॅलॉक’ने वेगळं घ्या. भाषेतल्या ऑब्जेक्टमध्ये त्याचा फक्त पत्ता असेल.

हँडल चालू आहे तोवर भाषेतलं ऑब्जेक्ट कलेक्टरच्या मुळांच्या यादीत ठेवा, म्हणजे ते गोळा होणार नाही. कलेक्टर ऑब्जेक्ट हलवणारा असेल तर कॉलबॅकला ऑब्जेक्टचा पत्ता देऊ नका, यादीतला क्रमांक द्या.

बंद करायची वेळ आली की ‘यूव्ही_क्लोज’ला हाक मारा, आणि तिथेच थांबा. ‘यूव्ही_क्लोज’ परत आलं म्हणजे हँडल बंद झालं असं नव्हे. ते पुढच्या फेरीत बंद होतं आणि मग क्लोजचा कॉलबॅक येतो.

‘फ्री’ त्या कॉलबॅकमध्येच करा. मुळांच्या यादीतलं नावही तिथेच काढा.

प्रोग्राम संपताना सगळी उघडी हँडल बंद करायला सांगून लूप आणखी चालवा आणि तो रिकामा झाल्यावरच मोडा. ‘यूव्ही_लूप_क्लोज’ने ‘कामात आहे’ अशी चूक दिली तर काहीतरी उघडं राहिलंय. ती दाबून टाकू नका, शोधा.

थ्रेडबद्दल थोडक्यात. लिबयूव्ही फाइलींची असिंक्रोनस कामं आणि नावावरून नेटवर्कचा पत्ता शोधण्याचं काम एका थ्रेडच्या टोळीकडे देते. त्या टोळीत मुळात चारच थ्रेड असतात. चारही जण मोठ्या फाइलींत गुंतले तर पत्ता शोधायचं काम मागे पडतं. पर्यावरणातल्या व्हेरिएबलने ही संख्या वाढवता येते. दुसऱ्या थ्रेडमधून लूपला जागं करायचं तर फक्त ‘यूव्ही_असिंक_सेंड’ वापरा. पाच वेळा हाक मारली तरी कॉलबॅक एकदाच येऊ शकतो, म्हणून निरोप आपल्या रांगेत ठेवा आणि कॉलबॅकमध्ये अख्खी रांग रिकामी करा.

पायरी ९: आकडे

पट्टीवरचा आकडा हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू. २१३७.५ किलो हळद, किलोला १४२.५ रुपये, म्हणजे ३,०४,५९३.७५ रुपये. ही चाचणी चारही यंत्रांवर पास होईल, आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका. अर्धे आणि पाव संगणकाच्या द्विमान पद्धतीत बिनचूक बसतात. खरा कस ०.१ सारख्या आकड्यांवर लागतो.

सी मध्ये एकाच ओळीत ‘अ गुणिले ब अधिक क’ लिहिलं असेल आणि प्रोसेसरला गुणाकार-बेरीज एकत्र करायची सूचना येत असेल, तर कंपायलर ती वापरू शकतो. ६४-बिट एआरएमवर ती असतेच, मूळ ६४-बिट इंटेल संचात नसते. ०.१ गुणिले १० वजा १ हे दोन टप्प्यांत केलं की शून्य येतं. एकत्र केलं की ०.००००००००००००००००५५५ च्या आसपास काहीतरी येतं. मग ‘शून्य आहे का’ ही अट एआरएम प्रोसेसरच्या मॅकवर एक उत्तर देते आणि दुकानात दुसरं. इंटरप्रिटरमध्ये गुणाकार आणि वजाबाकी वेगवेगळ्या बाइटकोडमध्ये असतात, म्हणून वापरणाऱ्याचा प्रोग्राम यातून वाचतो. अडकतात ती सी मध्ये लिहिलेली अंगभूत फंक्शनं: टक्केवारी, व्याज, सरासरी. कंपायलरला असं एकत्रीकरण करू नको असं सांगणारा पर्याय जीसीसी आणि क्लँग दोन्हींत आहे. तो लावून ठेवा.

मजकुरातून आकडा वाचणारं सी चं ‘स्ट्रटॉड’ लोकेलवर अवलंबून असतं. जर्मन लोकेल असेल तर ते दशांशासाठी स्वल्पविराम मागतं. आपल्याकडे असं क्वचित घडेल, पण भाषेचा अर्थ यंत्राच्या सेटिंगवर अवलंबून असता कामा नये. लोकेल बदलणारी हाक कोडमध्ये ठेवू नका. जमल्यास आकडे वाचणारा आणि छापणारा कोड आपल्या प्रकल्पातच घ्या.

आणि रुपयांसाठी अपूर्णांक वापरूच नका. हळकुंडमध्ये ‘रुपये’ हा वेगळा प्रकार असावा, आतून पैशांत मोजलेला ६४-बिट पूर्णांक. अर्धा पैसा वर न्यायचा की खाली, तेही भाषेच्या दस्तऐवजात एका वाक्यात लिहा. शेतकऱ्याच्या पट्टीत एका पैशाचा फरक दिसला तरी तो विचारणार, आणि त्याला तसा हक्क आहे.

वेळेबद्दल एवढंच: किती वेळ गेला हे मोजायला ‘यूव्ही_एचआरटाइम’, तारीख छापायला भिंतीवरचं घड्याळ. दोन्ही एकमेकांत मिसळू नका. दुसरा प्रोग्राम चालवायला ‘यूव्ही_स्पॉन’ वापरा आणि आर्ग्युमेंट नेहमी वेगवेगळी द्या. विंडोजवर ‘फोर्क’ नाही, तेव्हा त्यावर उभी राहणारी कुठलीही सोय भाषेत ठेवू नका.

पायरी १०: चार यंत्रं, एकच उत्तर

चाचणीसाठी एक फोल्डर करा. त्यात प्रत्येक प्रोग्रामशेजारी त्याचं अपेक्षित उत्तर ठेवा आणि दोन्ही बाइटागणिक ताडा. या फोल्डरचं नावच ‘हळद पट्ट्या’ ठेवा, मध्ये जागा सोडून आणि देवनागरीत. जागा आणि देवनागरी, दोन्ही आजार पहिल्याच दिवशी उघडे पडतील. ‘कऱ्हाड’ची तिन्ही रूपं चाचणीत घाला, पण ती बाइट देऊन प्रोग्रामनेच तयार करा, कारण हाताने टाइप केली तर एडिटर बदलू शकतो.

गिट विंडोजवर ओळींच्या शेवटच्या खुणा आपोआप बदलू शकतं. चाचणीच्या फाइली ‘बायनरी’ समजाव्यात असं गिटच्या ॲट्रिब्यूट फाइलीत लिहा, नाहीतर काही न बिघडता चाचण्या पडत राहतील.

गिटहबवर उबुंटू, विंडोज आणि मॅक या तिन्हींची यंत्रं चाचणीसाठी मिळतात. प्रत्येक कमिटला तिन्हींवर चालवा. लिनक्सवर ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावलेली एक फेरी वेगळी ठेवा. हँडल लवकर मोकळं केल्याची चूक तिथे नेमकी ओळ दाखवून पकडली जाते. रास्पबेरी पायवर निदान प्रत्येक आवृत्ती द्यायच्या आधी हाताने चालवा. मोठा बाइट आधी ठेवणारं यंत्र आपल्याकडे सहसा नसतं, पण क्यूईएमयू या दुसऱ्या यंत्रांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर एस३९०एक्स या तसल्या यंत्राचं लिनक्स चालवून बाइटकोड फाइली वाचून बघता येतात.

पायरी ११: दुकानात पोहोचवणं

विंडोजसाठी सी रनटाइम आणि लिबयूव्ही दोन्ही स्टॅटिक लिंक करून एकच फाइल द्या. अमुक डीएलएल सापडत नाही असा संदेश आला की दिवाणजींचं काम तिथेच अडतं आणि फोन तुम्हाला येतो. लिनक्ससाठी बांधणी जुन्या उबुंटूवर करा. नव्या जीलिबसीवर, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीवर, बांधलेला प्रोग्राम जुन्या यंत्रावर सुरूच होत नाही, उलट मात्र चालतं. पायसाठीचा संच ६४-बिट आणि ३२-बिट असा वेगवेगळा लागतो. तिथल्या सिस्टिमचा प्रकार आधी विचारून घ्या.

प्रत्येक संचात ‘हळकुंड --माहिती’ अशी आज्ञा ठेवा: भाषेची आवृत्ती, लिबयूव्हीची आवृत्ती, सिस्टिम, प्रोसेसर आणि बांधणीची तारीख दाखवणारी. कुठल्याही दुकानातून अडचण आली की पहिल्यांदा त्या आज्ञेच्या उत्तराचा फोटो मागवा.